त्रास नसतानाची तपासणी

काही दुखत-खुपत नसताना दवाखान्यात कशाला जायचं, असं बऱ्याच स्त्रियांना वाटतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरतं या प्रश्नाचं उत्तर आपल्या मराठवाड्यानंच जगाला दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. काही गावांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी केवळ एकदा करण्यात आली, काही गावांत नेहमीची आरोग्यसेवाच चालू राहिली. आठ वर्षांनंतर नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगानं ६४ जणी दगावल्या होत्या, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आणि हा गट संख्येनं थोडा मोठाच होता.

याचं कारण आजाराच्या संथ चालीत आहे. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलतात आणि कर्करोग व्हायला दहा-पंधरा वर्षंही लागतात. एवढ्या काळात बाईला काहीच जाणवत नाही. अवेळी अंगावरून रक्त जाऊ लागतं तेव्हा बऱ्याचदा आजार पुढे गेलेला असतो; त्याआधी मात्र बदललेल्या पेशी छोट्या उपचारानं काढता येतात. तरीही एक चाचणी झाली की निश्चिंत, असं नाही. धाराशिवच्याच अभ्यासात अ‍ॅसिटिक आम्ल लावून केलेल्या एकवेळच्या तपासणीनं मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणून ही साधी तपासणी पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते.

सरसकट तपासण्यांनी नुकसानही होतं, असा आक्षेप काही डॉक्टर घेतात, आणि तो खरा आहे. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ पर्यंत त्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांची ग्रंथी काढली गेली. माझ्या मते हा धडा ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींना लागू पडतो. ज्या तपासणीनं मृत्यू टळतात हे सिद्ध झालं आहे, ती टाळायला त्याचा आधार घेता येणार नाही.

तिशी ओलांडलेल्या भगिनींनो, सरकारी आरोग्य केंद्रात गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कर्करोगाची, तसंच रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होते. आशाताईंना दिवस विचारून घ्या. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नका. दोष निघाला म्हणजे कर्करोगच झाला असं नव्हे; पण पुढच्या तपासणीला बोलावलं, तर घरचं काम बाजूला ठेवून नक्की जा.