सलोत्री, नालबंद आणि चाबुकस्वार

घोडा पाळण्याची हौस शहरांतून अजून अगदींच नाहींशी झालेली नाहीं. पुण्यामुंबईच्या आसपास घोडेस्वारी शिकविणाऱ्या शाळा चालतात. तापीच्या कांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत आजहि घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि तेथून एखादा देखणा तट्टू वा घोडी घेऊन येणारे सुशिक्षित गृहस्थ निघतातच. जनावर घेतांना रंग, चाल, भोंवरे सारें बारकाईनें पाहिलें जातें. त्याची देखभाल कोणाच्या हातीं द्यावयाची, हा प्रश्न मात्र बहुधा पहिल्या दुखण्याच्या रात्रीं सुचतो. आणि ती वेळ माणसें शोधण्याची नसते.

कुत्र्यामांजराप्रमाणें घोड्याला ओकारी होत नाहीं. जठरांत अन्न वा वायु तुंबला तर तो वरच्या वाटेनें निघूं शकत नाहीं, आणि जठर फुटण्यापर्यंत मजल जाते. अशा पोटशुळांत नाकावाटे नळी घालून जठर मोकळें करणारा डॉक्टर दोन तासांत येतो कीं दुसऱ्या दिवशीं, यावर जनावराचा जीव अवलंबून असतो.

घोड्यांच्या वैद्याला जुनी मराठी सलोत्री म्हणे. अश्वशास्त्राचा आद्य आचार्य शालिहोत्र, त्याच्या नांवावरून हा शब्द आला. आतां मात्र केवळ घराण्याच्या वारशावर वैद्य म्हणवून घेतां येत नाहीं. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. पुढें १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें या व्यवसायाला पदवी आणि नोंदणी या दोहोंचें बंधन घातलें. तेव्हां डॉक्टराचें नांव नोंदवहींत आहे कीं नाहीं, हें पाहणें पहिलें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. पुष्कळ पदवीधरांचा सारा दिवस गाईम्हशींत किंवा कुत्र्यांत जातो. वर्षभरांत घोडे किती तपासले, रात्रीं बोलावणें आलें तर येणें होईल काय, आणि आपण गांवीं नसल्यास कोणाला बोलवावें, हें मालकानें आधींच विचारावें. "हें माझ्या आवांक्यांतलें नाहीं, अमक्याकडे न्या," असें मोकळेपणानें सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडूं नये.

यात्रेंतून नवें जनावर आणणाऱ्यानें तर डॉक्टर आधीं गांठावा. ग्लँडर्स नांवाचा रोग घोड्यापासून माणसालाहि होतो. हिस्सारला १९८५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र रक्त तपासून त्याचा निर्णय देतें. रोगी ठरलेलें जनावर ठेवतां येत नाहीं. ही तपासणी होईपर्यंत नवा घोडा जुन्यांच्या पागेंत बांधणें हा निव्वळ अविचार होय.

नालबंदाच्या धंद्याला असा कायदा नाहीं. तेथें मालकाचे डोळे हीच परीक्षा. चांगला नालबंद आल्याबरोबर खूर उचलीत नाहीं. तो घोड्याला आधीं सपाट जमिनीवर चालवावयास सांगतो, पाऊल कसें पडतें तें पाहतो, मग तासणी हातांत घेतो. नाल खुराच्या मापाला वांकविला पाहिजे. नाल तयार आहे म्हणून खूरच तासून त्याच्या मापाला आणणाऱ्याला पुन्हां बोलवूं नये, मग तो कितीहि स्वस्त असो. खूर सारखा वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीं त्याची फेरी ठरलेली असावी.

चाबुकस्वार हा शब्दच थोडा घातक आहे. घोडा शिकविणाऱ्याच्या नांवांतच चाबूक आला! वास्तविक या माणसाची पारख, काल शहाणा असलेला घोडा आज मान झटकूं लागला तर तो काय करतो, यावरून होते. घोड्याचे दांत झिजतात तसे जन्मभर वर सरकत राहतात. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आंतली धार सुरीसारखी होऊन गाल नि जीभ कापली जाते. त्यांतच लगाम ओढला कीं जनावर उसळतें. खोगीर पाठीला टोंचत असेल तरीहि तेंच. लोक त्याला खोडी म्हणतात, फटके मारतात, शेवटीं अवघ्या किंमतींत विकून टाकतात. आणि अर्ध्या तासाच्या कानशीकामांत बरा होणारा घोडा बदनाम होऊन दारोदार फिरतो. फटका मारण्यापूर्वीं तोंड, पाठ व पाय तपासून घ्या म्हणणारा चाबुकस्वारच घोडा हातीं देण्याजोगा.

या तिघांहून जनावराजवळ अधिक असतो तो मोतद्दार. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटाला सुमारें २८ ते ४४, आणि अंगाची उष्णता ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. हें मोजावयास त्याला शिकवावें, आणि तिघांचे दूरध्वनि क्रमांक पागेच्या दारावर लिहून ठेवावे. शिवाय मालक परगांवीं असतां घोडा दाणा टाकून कुशीकडे वळून पाहूं लागला, तर कोणाला न विचारतां डॉक्टर बोलावण्याची मुभा त्याला असावी, आणि त्यापुरते पैसेहि त्याच्याजवळ ठेवलेले असावे.