सुरुंग काढणारे हात

बेळगाव-निपाणीकडे पलटणीच्या कथा घरोघर सांगतात. त्यांतला नायक बहुधा शत्रूवर तुटून पडणारा असतो. ‘द हर्ट लॉकर’ या २००८ च्या अमेरिकी युद्धपटाचा नायक मात्र इराकमध्ये बॉम्ब निकामी करतो. हे शौर्य आपल्याला परके नाही. येथून घाट उतरून कारवारकडे गेले, की चेंडिया हे रामा राघोबा राणे यांचे जन्मगाव लागते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर, स्वतः जखमी असूनही, या मुंबई सॅपर्सच्या अधिकाऱ्याने भर गोळीबारात सुरुंग काढले. रणगाड्याखाली सरपटत दोरीच्या खुणेने तो सुरुंगांतून पार नेला. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली. राणे परमवीरचक्राचे मानकरी ठरले. मागून येणाऱ्यांची पावले निर्धास्त पडावीत म्हणून मृत्यूवर आपला हात ठेवणे, हे शौर्य उणे कसे म्हणावे?