पावसाळ्यातलं काम
(सीबीडी बेलापूर इथे कोकण भवनासमोरच्या बैठकीतलं भाषण)



आज आपण थोडेच जण आलोय. आवणी चालू आहे, ओढे भरलेत, गाडीभाड्याला पैसा नाही. काही जण म्हणतात, चळवळ थंड पडली. मला तसं वाटत नाही. का, ते सांगते.

२००६ चा वनहक्क कायदा विचारतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात होती का? मोर्चाला किती वेळा गेलात, हे विचारत नाही. नियम १३ वाचा. बांध, सपाट केलेलं शेत, घर, विहीर, वाडवडिलांची थडगी, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. निदान दोन पुरावे लागतात. आता सांगा, बांध कोणी घातला? ज्या वर्षी ना मोर्चा निघाला, ना पेपरात नाव आलं, त्या वर्षी तुमच्या आजीनं चिखलात उभं राहून घातला. तोच बांध आज आपल्या बाजूनं बोलतो.

दुसरी गोष्ट. दिवाळी झाली की आपली कातकरी घरं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. वाडी ओस पडते. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्याचा ठराव करायचा तर निम्मे दावेदार तरी पाहिजेत. भट्टीच्या दिवसांत एवढी माणसं आणायची कुठून? सगळी वाडी घरी असते ती आत्ताच.

म्हणून आवणी उरकली की तीन कामं करा. ग्रामसभा लावा आणि हजेरीवर सही-अंगठे घ्या. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. माणूस गेला की त्याच्याबरोबर पुरावाही जातो. दंडाच्या जुन्या पावत्या छपरात खोचल्या असतील तर भिजायच्या आत काढा. आणि ज्यांचा दावा उपविभागीय समितीनं नामंजूर केला, त्यांनी कारण लेखी मागा. निर्णयाच्या तारखेपासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करायचं असतं. पाऊस आहे म्हणून ते दिवस थांबत नाहीत.

दसऱ्यानंतर पुन्हा इथे येऊ, तेव्हा मोठ्या संख्येनं येऊ. पण नुसत्या घोषणा देऊन साहेब हलत नाही. प्रत्येकाच्या हातात आपली फाईल पाहिजे, आणि ती भरायचे दिवस हेच आहेत.

जिंदाबाद!