नुक्ता मोठा केला त्याची गोष्ट

कवीने कॉम्प्युटरच्या परवान्यांवर बोलावं हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आज कॉम्प्युटर प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतींतच होते. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे आमचे भाऊबंदच! आणि फॉन्टची फाइल हाही एक प्रोग्रॅमच.

माझ्या गझलांची पुस्तिका शिरगावात घरीच तयार होत होती. छपाईत 'ग़'खालचा नुक्ता दिसेना. भाच्याने इंटरनेटवरून एक मुक्त फॉन्ट घेतला, नुक्ता मोठा केला आणि फाइल जुन्याच नावाने ठेवली. सोबतचा इंग्रजी परवाना पुसून टाकला. "मामू, फुकटच तर आहे!" पुस्तिका छान निघाली. मग मीच उत्साहाने तो फॉन्ट पालघर-बोईसरच्या कविमित्रांना पेन ड्राइव्हवर वाटला.

एका मित्राकडे मूळ फॉन्ट आधीच होता. एकाच नावाचे दोन झाले, त्याची जुळवलेली पानं विस्कटली आणि त्याने मूळ कर्त्याला रागाचा ईमेल धाडला. चूक आमची, बोल त्या बिचाऱ्याला.

मग परवाना वाचला. तो ओपन फॉन्ट लायसन्स, २००७ सालचा. वापरा, बदला, वाटा, त्यात पुस्तक छापून विका, सगळी मुभा. मात्र फॉन्ट पुढे देताना कर्त्याची कॉपीराइट सूचना आणि परवाना सोबत हवा. बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली राहतो. नुसता फॉन्ट विकता येत नाही. कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला नवं नाव द्यायचं.

हे रीतसर कसं करतात, ते आयआयटी मुंबईच्या 'शोभिका' फॉन्टमध्ये पाहावं. त्यात अकराशेहून अधिक जोडाक्षरं आहेत. त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या २०१२च्या 'यशोमुद्रा'वर उभी आहे, रोमन अक्षरं आंद्रेई पानोव यांच्या फॉन्टवर. दोघांचीही नोंद सोबत आहे, आणि नाव मात्र स्वतःचं.

आम्हा शायरांना यात नवल नाही. दुसऱ्याची ओळ आपल्या रचनेत गुंफण्याला तज़मीन म्हणतात. ओळ कुणाची हे सांगितलं तर दाद मिळते, लपवलं तर चोरी.

प्रोग्रॅमच्या कोडचंही असंच, फक्त अटी वेगवेगळ्या. एमआयटी परवाना सूचना जपा एवढंच मागतो. जीपीएल कडक: त्याचा कोड मिसळून केलेला प्रोग्रॅम वाटायचा, तर सगळाच त्याच अटींवर, सोर्स कोडसह. आणि परवानाच नसेल तर? लोकांना वाटतं, रान मोकळं. उलट आहे, तिथे कर्त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

भाच्याने परवाना परत जोडला, बदल काय केला ते लिहिलं, फॉन्टचं नाव बदललं. मी मूळ कर्त्याला माफीचं पत्र लिहिलं. पेन ड्राइव्ह गोळा करतोय. दोन अजून बोईसरला आहेत.