पडदा काळा झाला म्हणजे संगणक मेला नव्हे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय आपल्यापैकी काहींना फार तांत्रिक वाटेल. परंतु तो आता आपल्या घरात येऊन बसला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. ज्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चालत नाही, तो भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालणे हा काटकसरीचा आणि शहाणपणाचा मार्ग आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. आज उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशी तिची अनेक रूपे विनामूल्य मिळतात.

परंतु एखाद्या दिवशी अपडेट होते, संगणक पुन्हा सुरू करावा तर पडदा काळा! घरातील मंडळी घाबरतात. अब्बा संगणक उचलून दुकानात नेतात. तेथे पुष्कळदा एकच उपाय सांगितला जातो : "फॉरमॅट करावे लागेल." फॉरमॅट झाले की मुलीचा वर्षभराचा प्रकल्प, स्कॅन केलेले दाखले, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, सारे एका तासात नाहीसे होते. खरे पाहता बिघाड चित्र काढणाऱ्या भागात असतो आणि फायली असतात डिस्कवर. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एवढी एक गोष्ट आपण ध्यानात ठेवली तरी माझे भाषण वाया गेले नाही असे मी समजेन.

आता हा ड्रायव्हर म्हणजे काय? संगणकात चित्र काढणारी एक चिप असते; कधी ती प्रोसेसरमध्येच असते, कधी वेगळ्या कार्डावर. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नल आणि चिप यांची भाषा वेगळी. त्यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. इंटेलच्या बहुतेक चिपांचा दुभाषी 'आय९१५' आणि एएमडीचा 'एएमडीजीपीयू' हे कर्नलबरोबरच येतात, वेगळे आणावे लागत नाहीत. एनव्हिडियाचे मात्र दोन आहेत. एक 'नूवो', जो स्वयंसेवकांनी कंपनीच्या चिपांचा अभ्यास करून तयार केला. दुसरा कंपनीचा स्वतःचा. कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल-भागाचा स्रोत खुला केला, पण तो २०१८ पासूनच्या नव्या पिढीच्या चिपांसाठीच. म्हणून तक्रारी पुष्कळदा याच कार्डांच्या येतात.

विद्यार्थी मित्रहो, वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. आपणही तोच क्रम ठेवावा.

पहिली गोष्ट, केबल पाहा. वेगळे कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाच्या खाचेत हवी. साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या खाचेत लावली जाते. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडला आहे का, हेही पाहा. याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट, संगणक जिवंत आहे का ते विचारा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकदम दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी अक्षरे उमटली, तर संगणक ठणठणीत आहे, फक्त चित्राचा मार्ग अडला आहे.

तिसरी गोष्ट, जुन्या कर्नलवर परत जा. बहुतेक लिनक्समध्ये अपडेटनंतरही आधीचा कर्नल शिल्लक ठेवलेला असतो. संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची यादी आणावी आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा क्रमांक निवडावा. पडदा उजळला, तर निदान जवळजवळ झालेच : कर्नल नवा झाला, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्यासाठी तयार झाला नाही. कंपनीचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलशी जुळवून बांधावा लागतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या हेडर फायली नसल्या तर ते काम अर्धवट राहते. हेडर घालून ड्रायव्हर पुन्हा बसवला की काम भागते.

चौथी गोष्ट, जुन्या कर्नलनेही भागले नाही तर ग्रबमध्ये 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. मात्र ही कुबडी आहे, पाय नव्हे. तिच्या आधाराने आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मग दुरुस्तीला लागा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तो कायमचा करून ठेवू नये.

पाचवी गोष्ट, संगणकालाच विचारा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा रोमन लहान अक्षरांत दिली की चिपेचे नाव आणि तिचा चालू ड्रायव्हर दिसतो. 'जर्नलसीटीएल -बी -१' ही आज्ञा मागच्या वेळी काय बिघडले त्याची नोंद दाखवते. सेटिंग्जमधील माहितीच्या पानावर ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असे लिहिलेले असेल, तर चिप रिकामी बसली आहे आणि चित्र काढण्याचा सारा भार प्रोसेसर वाहतो आहे, असे समजावे. व्हिडिओ अडखळण्याचे आणि पंखा घरघरण्याचे कारण तेच.

दोन अडचणी विशेष सांगण्याजोग्या आहेत. एक 'सिक्युअर बूट'. हे चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. तेथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळ जण घाईने पुढे जातात आणि मग ड्रायव्हरला दोष देतात. दुसरी अडचण वयाची. जीफोर्स ६०० आणि ७०० मालिकेतील बहुतेक कार्डांना चालणाऱ्या ४७० शाखेचा आधार २०२४ साली संपला. अशा कार्डाला कंपनीचा सर्वांत नवा ड्रायव्हर ओळखतच नाही. तेथे 'नूवो'वर समाधान मानावे. अभ्यासाला, टायपिंगला आणि वाचनाला ते सहसा पुरते.

आणखी एक इशारा. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून परस्पर बसवू नका. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' यांतूनच घ्या. दोन वाटांनी बसवलेले ड्रायव्हर एकमेकांच्या पायांत पाय घालतात. तसेच एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारीख, केलेला बदल व पडद्यावरचा संदेश लिहून ठेवा. पुढे कोणाची मदत मागाल तेव्हा "चालत नाही" या दोन शब्दांपेक्षा ती नोंद शंभरपट उपयोगी पडेल. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. त्यांचा लाभ घ्यावा.

पालकांना माझी विनंती एवढीच की, संगणक दुकानात नेण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला एक संध्याकाळ द्या. शेजारी बसा, रागावू नका. मुलगी केबलपासून आरंभ करून क्रमाने नोंदीपर्यंत पोहोचली, तर ती केवळ पडदा दुरुस्त करीत नाही. कारण शोधावे कसे, हे शिकते. गणितात, प्रयोगशाळेत आणि उद्याच्या नोकरीत तिला हीच सवय कामी येणार आहे. आणि इतके करूनही दुकानात जावेच लागले, तर दारातच स्पष्ट सांगा : "फायली आधी काढून द्या, फॉरमॅटचे नंतर पाहू."