फेसाला उतारा कोणता?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



मी रसायनशास्त्र शिकलो ते या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर. त्यामुळे, “इतकी वर्षे कारखान्यांत काय केलेस ते आम्हांला सांग,” अशी आज्ञा झाल्यावर नाही म्हणण्याची सोय उरली नाही. माझ्या नोकरीचा बराच काळ फेस मारण्यात गेला. आपण हसलात, पण कामाच्या जागी हा फेस हसण्यावारी नेता येत नाही. त्याने माल वाया जातो, पंप अडतात, आणि उकळता फेस उतू गेला तर माणूस भाजतो.

भगिनीवर्गाला हा विषय नवा नाही. तूरडाळ उतू जाऊ नये म्हणून आपण शिजवताना तीत थोडे तेल घालता. आपल्या बेळगाव भागातल्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उसळून वर आला, की गुळव्या त्यात एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल सोडतो आणि फेस खाली बसतो. कारखान्यातील फेसनाशके ही याच युक्तीची शिकलेली भावंडे होत.

शुद्ध पाण्यात फेस टिकत नाही. साबण, रिठ्यातले द्रव्य किंवा डाळीतली प्रथिने पाण्यात उतरली म्हणजे बुडबुड्याभोवतीच्या पापुद्र्याला बळ येते. तो कोठे ताणून पातळ झाला, तर आसपासचे द्रव्य धावून येऊन त्याला सावरते. फेसनाशकाच्या थेंबाने या पापुद्र्यात शिरावे, त्यावर पसरावे आणि त्याची ही सावरण्याची शक्ती मोडावी, एवढेच त्याचे काम. मात्र त्याने द्रवात पूर्ण विरघळता कामा नये; विरघळले की पापुद्रा फोडायला थेंबच उरत नाही. उलट, गोळा होऊन वर तरंगत राहिले तरीही उपयोग नाही. बारीक थेंबांच्या रूपाने सर्वत्र पसरणारे, पण न विरघळणारे, असे ते हवे.

आता निवड कशी करावी? वनस्पती तेले स्वस्त, आणि पेनिसिलिनसारखे औषध आंबवून करताना तेच तेल बुरशीचे अन्नही होते; पण फार ओतले तर द्रवात प्राणवायू विरघळण्यास अडथळा येतो. सिलिकोन फार थोड्या मात्रेत काम करते. त्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळले, की ते टाचणीसारखे पापुद्रा फोडण्यास साहाय्य करतात. पण तेच सिलिकोन रंगाच्या कारखान्यात गेले, तर रंगवलेल्या पृष्ठभागावर खळगे पडतात. तळण्याच्या खाद्यतेलात ते चालते, तरी अन्नकायद्याने किलोला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पोटातील वायूसाठी आपण जे सिमेथिकोन घेतो, ते याच कुळातले. १९५५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. डीवॉल आणि डॉ. लिलेहाय यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्तात प्राणवायूचे बुडबुडे सोडणारे यंत्र वापरले. त्यात रक्ताचा फेस मोडण्यासाठीही सिलिकोनच होते. एका जागी जीव वाचवणारे द्रव्य दुसऱ्या जागी माल बिघडवते, हे यावरून ध्यानात यावे.

आता माझी चूक सांगतो. मी एका मद्यार्काच्या कारखान्यात नवा रसायनज्ञ होतो. साखर काढून उरलेला काळा पाक तेथे टाक्यांत आंबवला जाई. फेसासाठी एरंडेलापासून केलेले टर्की रेड ऑइल वापरात होते. एका विक्रेत्याने नवे द्रव्य आणले, गरम साबणपाण्याच्या बाटलीत दोन थेंब टाकले, आणि फेस क्षणात नाहीसा झाला. मी भुललो आणि खरेदीची शिफारस केली. पुढे एका रात्री टाकी उतू गेली. रात्रपाळीच्या कामगाराने द्रव्य वेळेवर ओतले नाही, असे ठरवून त्याचा पगार कापला. तो परोपरीने सांगत होता, “साहेब, दुप्पट ओतलं, तरी फेस बसेना.” त्या अहवालावर सही माझी होती.

आठ दिवस मला चैन पडेना. शेवटी टाकीतलाच द्रव आणला, टाकीइतकाच, म्हणजे ३३ अंशांवर ठेवला आणि त्यातून हवा सोडली. फेस हटला नाही. तेच ६० अंशांवर केले, तर लगेच बसला! त्या जातीचे द्रव्य ठरावीक तापमानाच्या वर द्रवातून वेगळे होते, म्हणून फेस मारते. त्याच्या खाली ते विरघळून जाते. विक्रेत्याची बाटली गरम होती, आमची टाकी कोमट. मी वरिष्ठांना लेखी कळवले, कामगाराचा पगार परत मिळाला आणि मी त्याची क्षमा मागितली.

तेव्हापासून माझा नियम ठरला. फेस का होतो ते आधी पाहावे. पंप गळक्या जोडातून हवा ओढत असेल, किंवा नळीतून द्रव उंचावरून पडत असेल, तर ती गळती बुजवावी, नळीचे तोंड द्रवाखाली न्यावे. पुष्कळदा औषध लागतच नाही. लागलेच, तर आपल्याच द्रवावर, आपल्याच तापमानाला परीक्षा घ्यावी. फेस किती लवकर बसतो हे पाहावे, तसेच किती वेळ बसलेला राहतो हेही पाहावे. ते द्रव्य शेवटी मालात राहणार की निघून जाणार, हे विचारावे. सर्वांत कमी मात्रेपासून आरंभ करावा. आणि टाकीपाशी रात्रभर उभा असलेला माणूस काय सांगतो, ते सर्वांआधी ऐकावे.

आपल्या शिष्यवृत्तीवर आज शिकणाऱ्या मुलामुलींतून उद्या कोणी असल्या अहवालावर सही करील. सही करण्यापूर्वी त्याने एकदा टाकीपाशी जाऊन यावे, एवढीच विनंती करतो. या संस्थेचे माझ्यावरील ऋण फिटणारे नाही.