मुसलमान असून...

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी मुलाखत द्यायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. माझी उत्तरे ऐकून एक प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, “मुसलमान असून मराठी फार छान बोलतोस!” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. तरीही ते वाक्य मला काट्यासारखे रुतले, आणि नेमके काय रुतले हे पुष्कळ वर्षे सांगता येईना. पुढे भाषाशास्त्रातील अर्थविचार वाचू लागलो तेव्हा उलगडा झाला. तो आज आपणांस सांगावयाचा आहे.

“सलमाने हापूस खाल्ला” हे खरे मानले, की “सलमाने आंबा खाल्ला” हेही मानावेच लागते. त्यातून सुटका नाही. याला आपण अटळ निष्कर्ष म्हणू. उलट मात्र चालत नाही; आंबा खाल्ला म्हणजे हापूसच असे नव्हे, पायरीही असेल. आणि नकार आला की दिशा फिरते: “आंबा खाल्ला नाही” यावरून “हापूस खाल्ला नाही” हे निघते. विद्यार्थ्यांनो, उताऱ्यावरील प्रश्नांत गुण जाताना मी पाहिले आहेत ते बहुधा इथेच.

दुसरा प्रकार अधिक फसवा. “हमीदने विडी सोडली.” “हमीदने विडी सोडली नाही.” “हमीदने विडी सोडली का?” तीन वाक्ये तीन प्रकारची, पण हमीद विडी ओढत होता, हे तिन्हींत धरूनच चालले आहे. बिचाऱ्याने विडीला कधी हात लावला नसेल, तर त्याने ‘हो’ म्हणावे की ‘नाही’? दोन्हीकडून तो विडीवालाच ठरतो! हा गृहीतार्थ. नकार दिला, प्रश्न केला, तरी जे टिकून राहते ते गृहीत धरलेले असते. जर्मन तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगे याने १८९२ मध्ये याकडे लक्ष वेधले. १९५० मध्ये इंग्लंडच्या स्ट्रॉसनने तो विचार पुढे नेला.

आपल्या मराठीत तर एकेका अव्ययात केवढा माल भरलेला असतो! हमीदही पास झाला, हमीदच पास झाला, हमीद तरी पास झाला, हमीदसुद्धा पास झाला. निकालपत्रावर त्याच्या नावापुढे शेरा एकच. पण ‘ही’ आणखी कोणी पास झाल्याचे धरून चालतो, ‘च’ बाकीच्यांना नापास करतो, ‘तरी’ त्यांच्याबद्दल सुस्कारा टाकतो. आणि ‘सुद्धा’? याच्याकडून कोणाला आशाच नव्हती! पालकहो, पेढे वाटताना हे ‘सुद्धा’ आपल्या तोंडून सहज निसटते, आणि पोरगे पेढा हातात घेऊन मान खाली घालते.

तिसरा सूचितार्थ. पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत तो मांडला. समोरचा माणूस कामापुरते पुरेसे बोलतो असे आपण धरतो. म्हणून तो जे गाळतो तेही आपल्याला ऐकू येते. ग्राइसचेच उदाहरण आपल्या वेषात सांगतो. नोकरीसाठी शिफारसपत्र मागितले आणि गुरुजींनी एवढेच लिहिले, “अक्षर सुवाच्य, हजेरी नियमित.” एकही शब्द वाईट नाही, नोकरी मात्र गेलीच! पण सूचितार्थ मागे घेता येतो. “काही मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, किंबहुना सर्वांनाच मिळाली” असे म्हणता येते. “हापूस खाल्ला, पण आंबा खाल्ला नाही” म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू.

हा विचार पश्चिमेकडचाच असे नव्हे. उसूल-ए-फिक्हच्या जाणकारांनी ‘मन्तूक’ म्हणजे उच्चारलेले आणि ‘मफ्हूम’ म्हणजे त्यावरून समजलेले, असा भेद शतकानुशतके केला आहे. रानात चरणाऱ्या मेंढ्यांवर जकात आहे, असे म्हटले. तर घरी चारा घालून पोसलेल्यांवर ती नाही, हे त्या शब्दांतूनच निघते काय? शाफई विद्वान म्हणाले, निघते. हनफींनी माफी मान्य केली, पण ती अन्य आधारांवर. न उच्चारलेले शब्दांच्या माथी मारणे त्यांना पटेना.

आता ते ‘असून’ पाहा. मी मुसलमान आहे, मराठी चांगली बोलतो, दोन्ही खरे. मुसलमानाला मराठी येत नसते, ही तिसरी गोष्ट ‘असून’च्या पोटात दडली होती. “नाही, सर” म्हटले असते तर माझी मराठीच वाईट ठरली असती. ‘असून’ला धक्काही लागला नसता. अशा वेळी हो-नाही बाजूला ठेवून ते गृहीतच बाहेर काढावे लागते: “सर, आमची आजीही मराठीच बोलायची. यात ‘असून’ कसले?” हे उत्तर सुचायला मला वीस वर्षे लागली. त्या दिवशी मी “थँक यू, सर” म्हणालो आणि बाहेर आलो. अब्बा दारातच उभे होते. “काय म्हणाले?” त्यांनी विचारले.

“मराठी छान बोलतोस, म्हणाले,” मी सांगितले. ‘असून’ मी गाळले होते.